जुनी चेनसॉ चालू करायची? आधी खर्च मोजा

कागद आधी बघा, मग इंजिन, भाव सगळ्यात शेवटी. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूर-किनवट पट्ट्यात हा क्रम उलटा करू नका. इथे आजूबाजूला सागवानाचं जंगल आहे आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ खाली वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं जप्त होतात. तुम्हाला मशीन फक्त छंद म्हणून उघडून, घासून, चालू करून ठेवायची असेल. पण तिच्यावर आधी कुणी चोरटं लाकूड कापलं असेल, तर चौकशी तुमच्या दारात येईल.

विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, पत्ता, मोबाईल, आधारची प्रत, मशीनची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. मूळ बिल मिळालं तर फारच चांगलं. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. अनुक्रमांक घासून काढलेला असेल तर मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका. चोरीचा माल बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे. घेतल्यावर तुमच्या हद्दीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एका पानाचा अर्ज द्या: अशी जुनी मशीन घेतली आहे, दुरुस्तीसाठी ठेवली आहे, काही नोंद किंवा परवाना लागत असेल तर कळवावं. अर्जाला पैसे लागत नाहीत. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

आता इंजिन. विकणारा म्हणेल, ‘फक्त प्लग बदला, चालू होईल.’ प्लग तिथेच काढून बघा आणि परत लावायला सांगा. स्टार्टरची दोरी हळू ओढा. दाब लागला पाहिजे, दोरी सैल येता कामा नये. मग मफलरचे स्क्रू काढा आणि बॅटरीच्या उजेडात पिस्टनची बाजू पाहा. गुळगुळीत असेल तर पुढे बोला. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन-सिलिंडर गेलं असं धरूनच भाव करा. या दहा मिनिटांना जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

खालचे आकडे अंदाजाचे आहेत. नांदेड, पुणे आणि ऑनलाइन भावात फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी ‘जीएसटीसकट का?’ हे विचारा. प्लग शंभर ते दोनशे. कार्बोरेटरचं डायफ्राम किट दीडशे ते चारशे. पेट्रोलची नळी आणि टाकीतलं फिल्टर मिळून दोनशेच्या आसपास. स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग दोनशे ते चारशे. चेन साध्या कंपनीची पाचशे ते आठशे, नावाजलेल्या कंपनीची बाराशेच्या वर. बार आठशे ते अडीच हजार. पिस्टन-सिलिंडरचा नकली जोड हजार ते अडीच हजार, आणि अस्सल मिळालाच तर त्याच्या कितीतरी पट.

खरा छुपा खर्च क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑईल सीलचा. सील शे-दोनशेचे, पण ते बसवायला अर्धी मशीन उघडावी लागते. ते टाळून नवा पिस्टन बसवला, तर कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही चिकटतो. म्हणून मजुरी ठरवताना सील त्यातच धरा. दुसरा सापळा बोअरिंगचा. लेथवाला सवयीने म्हणेल, ‘बोअर करून देतो.’ चांगल्या चेनसॉच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो खरवडला की सिलिंडर कायमचं वाया जातं.

मिस्त्री कुठे शोधायचा? गावातला फवारणी पंप दुरुस्त करणारा बहुतेक वेळा पुरतो. अशा पंपाचं इंजिनही बहुधा टू-स्ट्रोकच, कार्बोरेटरही बऱ्याचदा डायफ्रामचंच. उघडून बघायचे तीनशे-चारशे, पूर्ण कामाचे हजार-दीड हजार आधी ठरवा आणि जुने सुटे भाग परत मागा. क्रँक किंवा बेअरिंगचं काम नांदेडला न्या. सुटे भाग ऑनलाइन मागवायचे तर भागाचा क्रमांक आणि फोटो जुळवा. कुरिअर इस्लापूरपर्यंत येतं का ते आधी विचारा. नाहीतर टपालाने मागवा. भाग यायला आठ-दहा दिवस, एक भाग चुकीचा आला की आणखी तेवढेच. सगळं मिळून महिना धरा.

जुन्यांमध्ये सगळ्यात जास्त मोह पडतो तो जर्मन कंपनीच्या स्टिल ०७० चा. १९६८ पासूनचं हे मॉडेल, १०६ सीसीचं इंजिन, नुसतं इंजिनच दहा किलोच्या आसपास. सुटे भाग मिळतात, कारण तिच्या नकला आशियाभर विकल्या जातात. म्हणूनच सावध राहा: नक्कल अस्सल म्हणून गळ्यात मारली जाते. जुन्या ०७० ला पॉइंटचं इग्निशन असतं. तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणं हा माझ्या मते एकमेव बदल, ज्याचे काही शे रुपये वसूल होतात. मफलरला भोकं पाडून ताकद वाढवायच्या नादी लागू नका. कान जातात आणि कार्बोरेटर नव्याने जुळवला नाही तर पिस्टनही जातो. फळ्या पाडायची चौकट लावायची असेल तर आरागिरणीच्या परवान्याचे नियम लागू होतात का, हे वन कार्यालयाकडून लेखी घ्या.

आणखी एक गंभीर गोष्ट. मूळ ०७० ला चेनब्रेक नाही. बारचं टोक लाकडाला अडकून मशीन उसळली तर चेन थांबवणारं काही नसतं. जाळी आणि कानबंद असलेलं हेल्मेट हजार ते दोन हजार, चेन अडवणारे पायसंरक्षक तीन हजारांच्या वर. हे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. परवडत नसतील तर मशीन चालू करू नका, कपाटात ठेवा.

पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये घ्या, प्लास्टिकच्या बाटलीत नको. त्यात मिसळायला स्टिलचं स्वतःचं तेल एक लिटरमागे २० मिली, दुसरं टू-टी तेल ४० मिली, असं कंपनीच सांगते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. ते जुनी रबरं खातं आणि ओल धरतं. काम झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इस्लापूरहून रेल्वेने मशीन नांदेडला नेताना टाकी आदल्या दिवशीच कोरडी करा. गाडीत पेट्रोल नेणं रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

धार लावायला गोल कानस लागते, शंभरेक रुपयांची. ०७० च्या ०.४०४ इंची चेनला साडेपाच मिलिमीटरची. दुकानदार दुसरी खपवेल, माप वाचून घ्या. चाचणीसाठी झाड तोडू नका. सागासारख्या अनुसूचित झाडांना स्वतःच्या शेतातही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. जळाऊ लाकडाच्या वखारीतून ओंडका आणा आणि पावती जपून ठेवा.

हिशोब असा: इंजिन चांगलं असेल तर दुरुस्ती अडीच-तीन हजारांत, पिस्टन गेला असेल तर पाच-सहा हजारांत, सुरक्षेचं सामान वेगळं. ५८ सीसीची नवी साधी मशीन याच भावात येते. तुम्हाला शेतातल्या कामासाठी हवी असेल तर नवी, चेनब्रेकवाली घ्या. जुनी घ्यायची ती फक्त उघडण्या-जोडण्याच्या आवडीसाठी, आणि पिस्टन गुळगुळीत व कागद हातात असेल तरच.