कातकरी बोलीत पदव्युत्तर अभ्यास

प्रश्न : वेल्श आणि तिच्या भगिनीभाषांमध्ये परदेशात एम.ए. करता येते, असे वाचले. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आहे. आमच्या भागातल्या कातकरी बोलीवर असा अभ्यास करता येईल का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : जरूर येईल. वाट भाषाविज्ञानातून जाते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ, दोन्हीकडे या विषयात एम.ए. करता येते. माझी पसंती डेक्कन कॉलेजला, कारण मराठी बोलींचे सर्वेक्षण तिथेच झाले आणि त्यातली ध्वनिमुद्रणे ऑनलाइन ऐकता येतात. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा 1905चा सातवा खंड मराठीचा. त्यातली कातकरीची नोंद प्रवेशाआधीच वाचा.

वेल्शशी थेट तुलना मात्र करू नका. तिच्यामागे शाळा आहेत, सरकार आहे, 1588पासून छापील बायबल आहे. तुम्हाला धडा मिळेल तो मँक्स या तिच्या भगिनीभाषेकडून. मँक्सचे अखेरचे पारंपरिक भाषक नेड मॅड्रेल 1974मध्ये वारले. पण 1948मध्ये त्यांचे आणि इतर वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले होते. पुढच्या पिढीला भाषा पुन्हा शिकताना त्याचा मोठा आधार झाला.

कातकरी आजही घराघरांत बोलली जाते. पेण-रोह्याच्या वाड्यांवरच्या गोष्टी, गाणी, रानभाज्यांची आणि माशांची नावे आत्तापासून ध्वनिमुद्रित करा. आधी संमती घ्या. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, म्हणून हे काम पावसाळ्यात ठेवा. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या वाडीला नक्की द्या.