तळ्याच्या कांठचीं झाडें व पाण्याची शुद्धता

करमाळा तालुक्यांत पाऊस बेताचा. म्हणून पाणी सांठविण्याचा विचार सर्वजण करितात, परंतु सांठलेलें पाणी चांगलें राखण्याचा विचार क्वचितच होतो. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व भीमाकांठीं ऊंस आणि केळी वाढली. पण त्याच जलाशयांत आज शेवाळ व जलपर्णी माजते. वरच्या शहरांच्या सांडपाण्यावर एकट्या शेतकऱ्याचा इलाज चालत नाहीं. आपल्या तळ्यांत मात्र जें खत वाहून जातें, तें आपणच टाकिलेलें असतें.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं रानांत मातीचें तळें केलें. दुसऱ्याच उन्हाळ्यांत पाणी हिरवें होऊन त्यास घाण सुटली व गुरें तोंड लावीनात. वरच्या उंसांतील नत्र व स्फुरद गाळाबरोबर तळ्यांत उतरत होतें, आणि त्यावरच शेवाळ पोसत होतें.

यास उपाय कांठच्या वनस्पतींचा. पाणी ज्या वाटेनें येतें, तेथें मारवेल व वाळा यांचा आठ-दहा हात रुंद पट्टा लावावा. पाण्याचा वेग मंदावून गाळ तेथेंच बसतो. कांठच्या ओल्या जागेंत वेखंड व कर्दळ लावावी. त्यांचीं मुळें विरघळलेलें खत शोषून घेतात. पाणकणीस हें काम उत्तम करितें, परंतु तें फार पसरतें; त्यास एकच कोपरा द्यावा. बेशरम लावूं नये, ती शेळ्यांस विषारी आहे. जलपर्णी तर आणूंच नये. बांधावर मोठें झाड नको. मुळांच्या वाटेनें पाणी झिरपतें. प्लॅस्टिकच्या तळ्यास पट्टा बाहेरच ठेवावा.

मुख्य गोष्ट कापणीची. वाढ वेळोवेळीं कापून खताच्या खड्ड्यांत न्यावी. ती तळ्यांत कुजली, तर शोषलेलें सर्व पुन्हा पाण्यांत येतें. पहिल्या वर्षीं आम्हीं हीच चूक केली.

पट्ट्यांत जमीन अडकते हें खरें. पण मारवेलाची वैरण मिळते. आतां आमचीं गुरें तेथें पाणी पितात. वैशाखांत थोडें शेवाळ अद्यापि दिसतें. कांहीं जातींचें शेवाळ विषारी असतें, म्हणून पाण्यावर हिरवी साय दिसेल तेव्हां गुरें दूर ठेवावीं. माणसांनीं हें पाणी पिऊं नये; वनस्पतींनीं रोगजंतु पुरते जात नाहींत.

पावसाळ्याच्या तोंडीं ज्यांस सवड असेल, त्यांनीं आधीं पाणी कोठून येतें तें पाहावें, व मगच रोप लावावें.