मशीन आहे, मग अडलंय कुठे?

प्रश्न: मला शिवणकाम येतं, घरात जुनं मशीन आहे. देवाच्या कामी यावंसं वाटतं. पण ना पैसा, ना शिक्षण. माझा काय उपयोग होणार?

उत्तर: ताई, अरणच्या सावता महाराजांकडे भाजीचा मळा होता, तिथलं काम हीच त्यांची पूजा. तेरचे गोरोबाकाका मडक्यांसाठी चिखल तुडवताना नाम घेत, जनाबाई दळताना. भक्तीसाठी या संतांपैकी कुणी आधी काम सोडलं नाही, की ऐपत वाढायची वाट पाहिली नाही. तुम्हीही शेजारच्या मुलांचे उसवलेले गणवेश शिवून द्या. त्याचं पुढे काय होईल, ते विठ्ठलावर सोपवा. शिवण मात्र दुहेरी घाला, खिशाचे कोपरे आधी फाटतात. सुरुवातीला दोन घरं पुरेत. आजच विचारून या.