फाशांच्या खेळातील आकाशनौका

फाशांचा खेळ म्हटला की घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळी आठी पडते, आणि ती अगदीच निष्कारण पडते असेही म्हणवत नाही. परंतु ज्या खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्यात पैसा लावावयाचा नसतो आणि कोणी कोणास हरवावयाचेही नसते. चार-सहा गडी मेजाभोवती बसतात. एक जण पंच होतो. बाकीचे एकेका कल्पित व्यक्तीची भूमिका घेऊन आपण काय करणार ते तोंडाने सांगतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय करावयाचा, एवढेच. अशा भूमिकाखेळांपैकी ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते मार्क मिलर. मूळ खेळ म्हणजे पेटीत घातलेल्या तीन लहान काळ्या पुस्तिका. त्यांतील दुसरी आकाशनौकांविषयी आहे. पुढील नियम १९८१ च्या सुधारित आवृत्तीतील आहेत.

या पुस्तिकेत शौर्याच्या कथा जवळजवळ नाहीत. आहेत ते पगार, इंधन, हप्ते आणि कोणी कोणते काम केव्हा करावे याचे नियम. प्रथम ती रूक्ष वाटते. पण एखाद्या मालवाहू नौकेचा हिशेब हाती घेऊन बसावे म्हणजे तिच्यातील रस कळू लागतो.

लहान व्यापारी नौका २०० टनांची असते. येथे टन हे वजनाचे माप नसून जागेचे आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजनला लागणारी जागा, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. नौकेवर चार माणसे: चालकास महिना ६,००० क्रेडिट, यंत्रज्ञास ४,०००, उतारूंची व्यवस्था पाहणाऱ्या स्टुअर्डास ३,००० व वैद्यास २,०००. वैद्याचा पगार चौघांत सर्वांत कमी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नौका एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते ती ‘उडी’ मारून. एका उडीत ही नौका एक पार्सेक, म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे, अंतर तोडते. मात्र ग्रहाच्या सान्निध्यात उडी मारावयाची नाही. त्याच्या व्यासाच्या शंभरपट दूर गेल्यावरच मारावयाची, असा दंडक आहे. पृथ्वीपुरता हिशेब करा. तिचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर; त्याची शंभरपट म्हणजे पावणेतेरा लाख किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या तिपटीहून अधिक. अर्धी वाट वेग वाढवीत जावे, मग नौका उलटी फिरवून उरलेली वाट वेग कमी करीत जावे, अशी रीत. वेगवाढ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकी धरली तर सुमारे सव्वासहा तास लागतात. भूमितीचा व गतीचा अभ्यास झालेल्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे.

हे सव्वासहा तास कशासाठी घालवावयाचे? उडीच्या वेळी पंच दोन फासे टाकतो, आणि बेरीज १३ किंवा अधिक झाल्यास उडी चुकते. दोन फाशांवर १२ हून अधिक कधीच येत नाहीत. अर्थात ज्याने सर्व रीती पाळल्या त्याची उडी चुकणे शक्यच नाही! परंतु शंभर व्यासांच्या आत उडी मारल्यास बेरजेत ५ मिळवावे लागतात, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा घात. दहा व्यासांच्या आत १५ मिळवावयाचे. तेव्हा तर सुटका नाहीच. वार्षिक दुरुस्ती चुकविली की दर आठवड्यास १ वाढतो. चुकलेली उडी नौकेस कोणत्याही दिशेस १ ते ३६ पार्सेकांवर नेऊन टाकते. टाकीतील उडीचे इंधन तर संपलेले असते. जवळ तारा नसल्यास पुढे बोलावयासच नको.

इंधनाचा मोह याहून सूक्ष्म आहे. एका उडीस २० टन इंधन लागते. शुद्ध इंधन टनास ५०० क्रेडिट, अशुद्ध १००. म्हणजे दर उडीस ८,००० ची बचत. अशुद्ध इंधनाने बेरजेत केवळ १ वाढतो, म्हणून ३६ पैकी एकदाच उडी चुकेल. एवढ्याशा भीतीने कोण पैसे सोडील? पण महिन्यास दोन उड्या, वर्षास २४. चोविसांपैकी एक तरी चुकण्याचा संभव जवळजवळ निम्मा भरतो. आणि वर्षाची बचत १,९२,०००. नौकेची किंमत ३,७०,८०,००० क्रेडिट. पंचमांश रोख देऊन उरलेल्यासाठी किमतीचा २४० वा भाग दरमहा, असा ४० वर्षांचा करार. तो हप्ता १,५४,५०० होतो. सव्वा हप्त्यासाठी नौका पणाला लावणारा शहाणा की वेडा, हे मी वाचकांवर सोपवितो.

उडीचा काळ सुमारे एक आठवडा, अंतर कितीही असो. त्या आठवड्यात बाहेरचा निरोप आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. तारायंत्रापूर्वी टपाल जसे जहाजाबरोबरच पोहोचे, तशीच या खेळात बातमी नौकेहून वेगाने जात नाही.

मात्र येथवर चुकीचे फळ चूक करणाऱ्याच्याच पदरी पडते. शीतनिद्रेच्या पेट्यांचे तसे नाही. नौकेवर अशा २० पेट्या असतात. उत्तम प्रवासाचे भाडे १०,०००, मध्यमाचे ८,०००; ज्याच्याजवळ तेवढे नाही तो १,००० देऊन पेटीत गोठलेला निजतो. मुक्कामी त्यास उठविताना दोन फासे टाकावयाचे. ५ किंवा अधिक आल्यास तो जगतो, नाहीतर नाही. ३६ पैकी ६ वेळा नाही. २० निजलेल्यांत सरासरी तीनांहून अधिक मृत्यू! आणि किती जण उठतील यावर त्यांच्याच भाड्यातील दहा-दहा क्रेडिटांची सोडत लावण्याची चाल आहे. जिंकणाराच न उठल्यास रक्कम कप्तानाची. ही चाल वाचून मला प्रथम किळस आली. ग्रंथकाराने ती मुद्दामच घातली असावी.

नियमापुरता वैद्य पहिल्या पायरीचाही चालतो. परंतु दुसऱ्या पायरीचा किंवा त्याहून निष्णात वैद्य जवळ उभा असेल तर फाशांत १ मिळवावयाचा. मग ३६ पैकी तीनच वेळा मृत्यू. प्रमाण निम्म्यावर येते. कौशल्याच्या प्रत्येक वरच्या पायरीस पगार दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २,००० ऐवजी २,२००. महिन्यास २०० क्रेडिट, एका पेटीच्या भाड्याचा पाचवा हिस्सा. तो खर्च करावयाचा की नाही हे कप्तान ठरवितो, आणि कप्तान पेटीत निजत नाही.

समजा, नौका उतरली. फासे प्रत्येक पेटीसाठी वेगळे टाकावे लागतात. पहिल्या पेटीस पाच व दोन पडले, झाकण उघडले. दुसरीस तीन व एक. मेजाभोवतीचे गडी वैद्याची भूमिका घेणाऱ्याकडे पाहतात. तो पहिल्या पायरीचा असेल तर चार पुरत नाहीत. दुसऱ्या पायरीचा असेल तर त्यांत एक मिळवून पाच होतात, आणि पेटीतील मनुष्य डोळे उघडून विचारतो, “कोणता ग्रह आला?”