रक्तातले निरोपे

जंतू रक्तात शिरले म्हणजे सेप्सिस, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि त्याचा मारा स्वतःच्याच अवयवांवर होतो, तेव्हा सेप्सिस म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगात यामुळे सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

या माऱ्यात एक्सोसोमचाही हात असतो. पेशी बाहेर सोडतात त्या या इवल्याशा पिशव्या, ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८३ साली त्या प्रथम नीट दिसल्या तेव्हा पेशींचा केरकचराच समजल्या गेल्या. पुढे कळले की त्या प्रथिने आणि आरएनए घेऊन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतात.

आम्ही हिंदी पुस्तकातून शिकलो तेव्हा प्लेटलेटचे काम एकच होते, रक्त गोठवणे. पण ब्राझीलच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की सेप्सिसच्या रुग्णांत प्लेटलेटमधून सुटलेले एक्सोसोम ऑक्सिजनची घातक रूपे तयार करतात आणि त्यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी मरतात. २००७ मध्ये असेच एक्सोसोम शरीराबाहेर धडधडत ठेवलेल्या सशाच्या हृदयाला दिले, तर त्याचे आकुंचन क्षीण झाले.

सगळेच एक्सोसोम वैरी नाहीत. स्टेम पेशींच्या एक्सोसोमने सेप्सिस झालेले उंदीर वाचल्याचेही प्रयोग आहेत. माणसांसाठी असे औषध मात्र अजून नाही. म्हणून पालकांनी लक्षात ठेवावे: संसर्गात धाप लागली, लघवी कमी झाली, मूल असंबद्ध बोलू लागले किंवा जागे होईना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.