निळे अंडे देणाऱ्या कोंबड्या : जात निवडण्यापूर्वी हे पाहा

परसातील कुक्कुटपालन हा आपल्याकडे मुख्यतः घरातील स्त्रियांचा जोडधंदा आहे. अंड्यांचे पैसे मीठमिरची, वह्यापुस्तके आणि औषधपाणी यांना उपयोगी पडतात. म्हणूनच गेल्या हिवाळ्यातील शेतकरी मेळाव्यात एका भगिनीने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. तिच्याकडे बारा गावरान कोंबड्या होत्या. मोबाइलवरील निळ्या अंड्यांच्या टोपलीचे चित्र दाखवून ती म्हणाली, "साहेब, ही अंडी खरी का रंगवलेली? एकजण पिल्लं द्यायला तयार आहे, पण गावरानच्या चौपट भाव सांगतोय. चार कोंबड्या विकून घेऊ का?"

अंडी खरी असतात. मात्र चार कोंबड्या विकाव्यात की नाही, हे ठरवण्यापूर्वी थोडे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

रंग येतो कोठून?

कोंबडीच्या अंड्याचे कवच मुळात चुन्याचे, म्हणजे पांढरे असते. अंडे कवचग्रंथीत सुमारे वीस तास राहते. तपकिरी अंडे देणाऱ्या कोंबडीत प्रोटोपॉर्फिरीन हे रंगद्रव्य मुख्यतः शेवटच्या काही तासांत कवचावर बसते. म्हणून तपकिरी अंडे फोडून पाहिल्यास कवच आतून पांढरट दिसते. निळ्या अंड्यात बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य असून ते कवच तयार होतानाच त्यात मिसळत जाते. त्यामुळे असे कवच आतूनही निळेच असते. एकाच कोंबडीत दोन्ही रंगद्रव्ये आली की निळ्यावर तपकिरी थर बसून अंडे हिरवट किंवा शेवाळी दिसते.

हा गुण एका प्रभावी जनुकामुळे येतो, हे इंग्लंडमधील केंब्रिजचे प्राध्यापक पनेट यांनी १९३३ साली दाखवून दिले. (ज्यांच्या नावाचा चौकोन कृषी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढावा लागतो, तेच हे पनेट.) पुढे २०१३ मध्ये या गुणाचे मूळ सापडले. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात शिरला आणि त्याच्या शेजारचे जनुक कवचग्रंथीत काम करू लागले. विशेष म्हणजे चिलीतील आणि चीनमधील कोंबड्यांत हा तुकडा वेगवेगळ्या जागी आढळतो. म्हणजे ही घटना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडली.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे जनुक फक्त कवचाचा रंग ठरवते. अंड्यांची संख्या, रोगप्रतिकारशक्ती किंवा मांसाची चव यांच्याशी त्याचा संबंध नाही. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असते असा प्रचार परदेशातही झाला होता, परंतु तपासणीत तो टिकला नाही. बलक गडद होतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या चाऱ्यामुळे आणि मक्यामुळे.

परदेशातील जाती

निळ्या अंड्यांची सर्वांत प्रसिद्ध जात अरौकाना. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, मापुचे लोकांच्या कोंबड्यांत आहे. स्पेनचे प्राध्यापक कास्तेल्यो यांनी १९२१ च्या हेग येथील जागतिक कुक्कुट परिषदेत तिची माहिती दिली, तेव्हा ती जगभर गाजली. अमेरिकेतील अरौकानाला शेपटी नसते आणि कानाजवळ पिसांचे झुपके असतात. दिसायला पक्षी मोठा डौलदार, पण खरी अडचण येथेच आहे. झुपक्यांचे जनुक आई व बाप दोघांकडून आले तर पिल्लू अंड्यातच, बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास मरते. झुपकेवाला कोंबडा आणि झुपकेवाली कोंबडी यांची बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर सरासरी तीन अंडी केवळ या कारणाने वाया जातात. शिवाय शेपटी नसलेल्या पक्ष्यांत अंडी फळण्याचे प्रमाणही कमी राहते. हौशी पाळणाऱ्याला हे चालेल, परंतु अंड्यांवर घरखर्च चालवणाऱ्याने या जातीच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हे दोष टाळण्यासाठी अमेरिकेतच अमेरौकाना ही जात तयार झाली. तेथील संघटनेने तिला १९८४ मध्ये मान्यता दिली. तिला शेपटी असते आणि गालाला व हनुवटीला दाढीसारखी पिसे असतात. झुपके नसल्यामुळे वरील मर होत नाही. मात्र अमेरिकेतील अनेक उबवणी केंद्रे याच नावाशी मिळतेजुळते नाव देऊन संकरित, सरमिसळ पक्षी विकत आली आहेत. अशा पक्ष्यांना तेथे 'ईस्टर एगर' म्हणतात. ते काटक असतात, चांगली अंडी देतात, पण अंडे निळे, हिरवे, गुलाबट की तपकिरी निघेल हे तलंग अंड्यावर आल्याशिवाय कळत नाही.

परसबागेच्या दृष्टीने मला सर्वांत पसंत पडते ती इंग्लंडची क्रीम लेगबार. पनेट आणि पीज यांनी केंब्रिजला केलेल्या कामातून ती तयार झाली आणि १९५८ मध्ये तिला मान्यता मिळाली. हिच्या रक्तात लेगहॉर्न असल्याने ती वर्षाला सुमारे १८० अंडी देते. दुसरा फायदा म्हणजे एक दिवसाच्या पिल्लावरूनच नर-मादी ओळखता येते. मादीच्या पाठीवर ठळक गडद पट्टे असतात, तर नराचे पट्टे पुसट असून डोक्यावर फिकट ठिपका असतो. नको असलेल्या नरांना चार महिने खाऊ घालण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. चीनमध्येही डोंगशियांग व लुशी या निळ्या-हिरव्या अंड्यांच्या स्थानिक जाती आहेत.

आपल्या गावरान कळपात काय घडेल?

असील, कडकनाथ यांसह आपल्या नोंदणीकृत देशी जातींपैकी एकीचीही ओळख निळे अंडे ही नाही. कडकनाथचे मांस काळे असले तरी अंडे मात्र फिकट तपकिरी-बदामीच असते.

समजा, निळ्या अंड्याचा शुद्ध कोंबडा आपल्या दहा गावरान कोंबड्यांत सोडला. त्याच्या सर्व मुलींना एक जनुक मिळेल. परंतु गावरान कोंबडीचा तपकिरी रंग वर असल्याने त्यांची अंडी निळी नव्हे, तर हिरवट निघतील. या मुलींना गावातील साधा कोंबडा लागला तर पुढील पिढीत निम्म्याच माद्यांत हा गुण राहील, आणि त्यानंतर चौथाईत. शेजारचा कोंबडा कुंपण मानत नाही, हे काय सांगायला हवे! म्हणून कळप मोकळा सोडायचा असेल तर रंग टिकणार नाही. बंदिस्त ठेवायचा असेल तर खाद्याचा खर्च आला आणि परसातील पालनाचा मूळ फायदाच गेला. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे बीज दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकते. त्यामुळे जातीची शुद्ध अंडी उबवायची झाल्यास माद्या किमान तीन आठवडे परक्या नरापासून दूर ठेवाव्या लागतात.

कोंबड्यात हा गुण आहे की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. निळ्या रंगाचे जनुक आणि वाटाण्याच्या दाण्यांसारख्या आखूड तुऱ्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत. त्यामुळे अमेरिकेत अशा तुऱ्यावरून अंदाज बांधतात. आपल्याकडे हा अंदाज फसतो, कारण आपल्या असीलचाही तुरा तसाच असतो. उलट क्रीम लेगबारचा तुरा करवतीसारखा एकेरी असतो. तेव्हा तुरा दाखवून कोणी खात्री देऊ लागला तर त्यावर विसंबू नये.

विकत घेताना

पिल्लांच्या आईची अंडी विक्रेत्याकडे मागावीत आणि एक फोडून कवच आतून पाहावे. आतला पापुद्रा सोलल्यावरही कवच निळसर असेल तर अंडे खरे. बाहेर निळे आणि आत पांढरेफेक असेल तर ते रंगवलेले समजावे. त्यानंतर बापाबद्दल विचारावे. तो निळ्या अंड्यातूनच निघाला का, आणि त्याच्या मुलींची अंडी पाहायला मिळतील का? यावर टाळाटाळ झाली तर व्यवहार तेथेच थांबवावा.

'परदेशातून आणलेली अंडी' असे सांगितले गेल्यास कागदपत्रे मागावीत. जिवंत पक्षी व उबवणीची अंडी आणण्यासाठी केंद्र शासनाचा परवाना लागतो. ही अट निष्कारण नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले आणि छोट्या पाळणाऱ्यांची खुराडीही रिकामी झाली.

तसेच 'पिल्ले घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ' अशा कराराला भुलू नये. इमूचा धंदा २०१२ च्या सुमारास असाच कोसळला. इमूचे अंडे तर गडद हिरवे, शोभेचे, पण घेणारा उरला नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या करारातही अनेकांचे पैसे अडकले. दोन्ही वेळी पक्ष्यात दोष नव्हता. पिल्ले विकणाऱ्याखेरीज दुसरे गिऱ्हाईकच नव्हते.

आपल्या आठवडी बाजारात जादा भाव मिळतो तो बदामी रंगाच्या गावरान अंड्याला. निळे अंडे तेथे नेले तर गिऱ्हाईक आधी ते बदकाचे का म्हणून विचारील. शहरातील हौशी ग्राहक, कृषी पर्यटन केंद्र किंवा एखादे हॉटेल आधी ठरले असेल, तरच हा प्रयोग करावा, आणि तोही चार-पाच तलंगांवर.

मेळाव्यातील त्या भगिनीला मी कोंबड्या विकू नका असे सांगितले. उत्पन्नच वाढवायचे असेल तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया पाहावी. परसात ती वर्षाला साधारण १६० ते १८० तपकिरी अंडी देते. मात्र ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणून उबवणीसाठी दोन-तीन गावरान कोंबड्या राखाव्यात. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून देऊन घ्यावी.

"मग निळी अंडी नकोच?" तिने जाताना विचारले. मी म्हटले, "घेणारा आधी शोधा, त्याच्याकडून दोन महिन्यांची मागणी पक्की करून घ्या, आणि मग त्या माणसाला अंडे फोडून दाखवायला सांगा."