किनाऱ्यावरचं शेवाळ गाईला घालू का?

प्रश्न : मालवण किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या समुद्री शेवाळाने गाईचं दूध वाढेल का?

उत्तर : ते घालू नका. गाईच्या पोटातला मिथेन वायू घटवणारं म्हणून ज्याची चर्चा होते, ते शेवाळ म्हणजे ॲस्परागॉप्सिस. तुमच्याकडचं बरंचसं सारगॅसम. त्यात मीठ, आयोडीन, आर्सेनिकही. शिवाय मिथेन घटलं की दूध वाढतंच, असं नाही. दुधाच्या बाबतीत खरी अडचण असते गाईला घालतो त्या भाताच्या पेंढ्याची. त्यात सिलिका भरपूर, प्रथिनं जेमतेम, आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियमही अंगी लागत नाही. म्हणून आधी पेंढा सुधारा: 100 किलो पेंढ्यावर 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला 4 किलो युरिया शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद ठेवा. घालण्याआधी वारा लागू द्या. लहान वासरांना हा पेंढा नको. सुटा युरिया जनावराच्या तोंडी लागला तर जिवावर बेततं! जोडीला रोज 30 ते 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. महागडी पूरकं त्यानंतर, पशुवैद्यांना विचारूनच.